बाद्यान भिंगाखाली कसं पाहावं आणि लिस्सी कशी ओळखावी

गोड्या मसाल्यासाठी आणलेल्या बाद्यानातून, म्हणजे चक्रीफुलातून, एक सबंध, न मोडलेलं फूल बाजूला काढा. आपण त्याला फूल म्हणतो, पण ते वाळलेलं फळ आहे. अर्धा तास कोमट पाण्यात भिजू द्या, म्हणजे हाताळताना तुकडे पडणार नाहीत. मग खिडकीच्या उजेडात दहापट भिंगाखाली धरा. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत असताना आदिम फुलांचा धडा मी यावरूनच सुरू करायचे. इतक्या जुन्या घराण्याचा नमुना कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळतो, ही मला आजही मोठी गोष्ट वाटते. लिस्सी हे याच घराण्यातलं अरुणाचलातलं रानटी झुडूप, त्याच्याकडे शेवटी येऊ.

मधल्या टेकाभोवती एकाच चक्रात बसलेले कोश मोजा. बहुधा आठ भरतील, कधी सात, कधी नऊ-दहा. एखाददुसरा न भरलेला, चपटा राहिलेला असतो. प्रत्येक कोश होडीसारखा, वरच्या शिवणीवर उकललेला, आणि आत एकच चकचकीत तपकिरी बी. आता नखाने एक कोश उचकटून काढा. शेजारच्या कोशाला ओरखडाही न येता तो सुटून येतो. धड्याचा गाभा इथेच आहे: या वनस्पतीत किंजदलं, म्हणजे ज्यांचे पुढे हे कोश होतात ते फुलातले स्त्री-भाग, एकमेकांना चिकटलेली नसतात. पडताळा हवा असेल तर सीताफळ घ्या. तिथे अशीच अनेक किंजदलं वाढता वाढता एकजीव होतात, वरचे डोळे तेवढे वेगळे राहतात. सोनचाफ्याच्या फळात ती सुटी असतात, पण लांब दांड्यावर घोसासारखी लागतात.

ताजं फूल बघायला मिळालं तर आधी पाकळ्यांकडे पाहा. बाहेरची हिरवी संदलं (कळी झाकणारी दलं) आणि आतल्या रंगीत पाकळ्या अशी जास्वंदीसारखी वाटणी इथे नाही. परिदलं, म्हणजे संदल की पाकळी असा भेद नसलेली ही दलं, बाहेरून आत हळूहळू आकार बदलत जातात आणि पुंकेसरही जाड, आखूड असतात.

आमच्या शिकण्याच्या काळात आदिम फूल म्हटलं की चाफ्याच्या कुळाचं नाव यायचं. 1999 मध्ये डीएनएच्या आधारे झालेल्या अभ्यासांनी तो क्रम बदलला. सपुष्प वनस्पतींच्या वंशवृक्षावर सर्वांत आधी वेगळी झालेली फांदी न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या अ‍ॅम्बोरेला या झुडपाची, मग कुमुदिनीची, आणि त्यानंतर इलिसियमची म्हणजे आपल्या बाद्यानाच्या गटाची. या प्रजातीत चाळीसेक जाती आहेत. काही पूर्व आणि आग्नेय आशियात, तर काही थेट फ्लोरिडा, मेक्सिको आणि कॅरिबियन बेटांवर. मसाल्याचं बाद्यान दक्षिण चीन आणि उत्तर व्हिएतनाममध्ये लागवडीतून येतं.

आता औषधाचं. जपानी इलिसियमपासून 1885 मध्ये योहान आइकमन या डच रसायनशास्त्रज्ञाने शिकिमिक आम्ल वेगळं केलं. हे आम्ल बहुतेक सर्व वनस्पती आपल्या पेशींत बनवतात, पण बाद्यानात त्याचा साठा भरपूर असतो. ऑसेल्टामिव्हिर, म्हणजे टॅमिफ्लू, बनवायला ते कच्चा माल म्हणून वापरलं गेलं. 2009 च्या स्वाइन फ्लूत पुणेकरांना या गोळीचं नाव तोंडपाठ झालं होतं. त्या आम्लापासून गोळीपर्यंत पोचायला कारखान्यात रासायनिक क्रियांची लांबलचक साखळी लागते. बाद्यानाचा काढा पोटात गेल्यावर त्यातलं काहीही घडत नाही, म्हणून फ्लूवर काढा हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आम्ल हल्ली जिवाणूंकडूनही बनवून घेतात. औषधी गुणांची कुठलीही बातमी वाचताना आधी एवढंच शोधा: प्रयोग काचेच्या बशीत झाला, उंदरावर झाला की माणसावर?

खरेदी करताना बाद्यान नेहमी सबंध घ्या. जपानी जातीच्या फळात अ‍ॅनिसॅटिन नावाचं विष असतं. मेंदूतली आवर घालणारी यंत्रणा ते अडवतं आणि झटके येतात. तिचेही कोश बऱ्याचदा आठच असतात, त्यामुळे नुसत्या मोजणीवर विसंबू नका. ते फळ सहसा लहान, सुरकुतलेलं, कोशांची टोकं बारीक आणि आकडीसारखी वळलेली. वास घेऊन पाहा: खऱ्या बाद्यानाला बडीशेपेचा गोड वास येतो, जपानी फळाला कापराकडे झुकणारा. चाखून बघायचं नाही. शंका आली तर पुडी टाकून द्या. एकदा पूड झाली की डोळ्यांनी काहीच कळत नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. म्हणून डंकावर मसाला न्यायच्या आधी बाद्यान ताटात पसरून निवडून घ्यावं.

तान्ह्या बाळाला बाद्यानाचं पाणी अजिबात देऊ नका. असा चहा पिऊन बाळं आजारी पडल्यावर 2003 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला होता. आपल्या बाळगुटीत हिरडा, वेखंड, मुरुडशेंग असतात, बाद्यान नसतं. तिथे ते नव्याने आणू नये. उलट्या, विचित्र चिडचिड किंवा झटके दिसले तर उरलेली पुडी बरोबर घेऊन थेट डॉक्टरांकडे जा.

या घराण्यातलं आपल्या देशातलं दुर्मिळ झुडूप म्हणजे इलिसियम ग्रिफिथाय. हूकर आणि थॉमसन या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1855 मध्ये त्याचं वर्णन केलं आणि आसाम-भूतानात हिंडलेल्या विल्यम ग्रिफिथचं नाव त्याला दिलं. अरुणाचलच्या पश्चिम कामेंग जिल्ह्यात मोनपा लोक त्याला लिस्सी म्हणतात. त्याच जिल्ह्यातल्या दिरांगच्या बाजूला जाणार असाल तर इनर लाइन परमिट, म्हणजे अरुणाचलात शिरायचा सरकारी परवाना, आधी काढा आणि रानात स्थानिक माणसाला बरोबर घ्या. सदाहरित झुडूप किंवा लहानसं झाड शोधायचं. पानं चिवट, कडा अखंड, फांदीच्या टोकाशी झुपक्याने आलेली. खाली पडलेलं पान चुरगळलं की सुगंध येतो. फळात कोश बहुधा आठाहून जास्त असतात आणि चव कडवट-तुरट सांगतात. बाद्यानाऐवजी ते मसाल्यात घालायचं नाही.

लिस्सीच्या फळांवर तिथल्या घरांना चार पैसे मिळतात, म्हणून फळं पुष्कळ गोळा होतात, आणि सरपणालाही झाड तोडलं जातं. नवीन रोपं मात्र सावकाश येतात. या गटाच्या बीत गर्भ अगदी इवलासा असतो, तो आधी बीतच वाढतो आणि मग बी रुजतं. त्यातून तेलकट बी वाळलं की लवकर मरतं. त्यामुळे बिया खिशात घालून पुण्याला आणण्यात अर्थ नाही, इथल्या उन्हाळ्यात रोप टिकणारही नाही. फोटो काढताना पानाची खालची बाजू, फांदीचं टोक आणि फळ वरून व बाजूने, असे सगळे घ्या. जागेची उंची टिपून ठेवा, पण नेमकं ठिकाण सगळ्यांसमोर टाकू नका.