घाट उतरून एम.ए. मराठीला येताय?

सोलापूर, लातूर, नागपूरकडून रत्नागिरी-सिंधुदुर्गात एम.ए. मराठीला येणाऱ्यांनी खोली शोधायच्या आधी कागद गोळा करावेत. इथली कॉलेजं मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतात आणि तुमची पदवी दुसऱ्या विद्यापीठाची. त्यामुळे मायग्रेशन सर्टिफिकेट (आधीच्या विद्यापीठाचा स्थलांतर दाखला) लागतं आणि पात्रतेचं (एलिजिबिलिटीचं) प्रकरण करावं लागतं. ते लोंबकळत राहिलं तर निकाल अडकू शकतो, आणि ऐन पावसात एका सहीसाठी परत घाट चढणं नको होतं.

दोन वर्षांत ८८ क्रेडिट, दर सत्राला २२. पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीची चार, दुसऱ्यात क्षेत्रीय प्रकल्पाची किंवा ऑन जॉब ट्रेनिंगची चार, पुढच्या दोन सत्रांत संशोधन प्रकल्पाची चार आणि सहा. वर्गातलं एक क्रेडिट १५ तासांचं असतं, क्षेत्रकार्याचं मात्र ३० तासांचं. म्हणजे दुसऱ्या सत्रात १२० तास द्यायचे आहेत. नवीन मुलं फसतात ती इथेच.

कारण कोकणातलं गाव तुमच्या वेळापत्रकावर चालत नाही. जून-जुलैत लावणी, मग गणपती. शिमग्याला पालखी दारोदार फिरते आणि पाठोपाठ आंबा-काजू. मार्चमध्ये वही घेऊन गेलात तर पाणी विचारतील, वेळ देणार नाहीत. गाव आणि निवेदक (ज्याचं बोलणं नोंदवायचं तो माणूस) दिवाळीच्या आतच ठरवा, ध्वनिमुद्रण शिमग्याआधी संपवा.

बोलीच्या प्रकल्पात थेट प्रश्न विचारू नये. ‘मुलगा आला, मुलगी आली, याला मालवणीत काय म्हणता?’ असं विचारलं की समोरचा माणूस सावध होतो आणि पुस्तकी मराठीत उत्तर देतो. त्यापेक्षा रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं) कशी ओढतात ते विचारा. दहा मिनिटांत माणूस गजालीत (गप्पांत) रंगतो, आणि ‘झील इलो’, ‘चेडू इला’ आपसूक येतं. हे चेडू नपुंसकलिंगी, म्हणून ‘इली’ नाही, ‘इला’. ‘इला’ चुकीचं आहे असं समजून वहीत दुरुस्त करणारे दरवर्षी निघतात. बोलता बोलता कोणी ‘मेल्या’ म्हणाला तर लावून घेऊ नका, बहुतेक वेळा ती माया असते.

निवेदकाचं वय, वाडी, शाळा यांच्या जोडीला मुंबईत किती वर्षं काढली तेही लिहा. तीस वर्षं गिरणगावात राहून परतलेल्याची बोली आणि कधी वाडीबाहेर न गेलेल्या आजीची बोली एकाच रकान्यात घातली तर निष्कर्ष कोसळतो.

ध्वनिमुद्रण डब्ल्यूएव्हीत (आवाज न दाबणाऱ्या फाइल प्रकारात) करा. व्हॉट्सॲपच्या व्हॉइस मेसेजमध्ये आवाज दाबला जातो आणि ‘स’, ‘श’ नीट वेगळे ऐकू येत नाहीत. एका तासाचं लिप्यंतर करायला आठ-दहा तास लागतात, ते धरूनच १२० तासांचा हिशेब मांडा. देवनागरीत लिहिताना ‘चार’मधला तालव्य च आणि ‘चारा’मधला दंततालव्य च सारखेच दिसतात. दुसऱ्याला नुक्ता (अक्षराखालचं टिंब) देऊन ‘च़ारा’ लिहायचं पहिल्याच दिवशी ठरवा, नाहीतर चाळीस पानं पुन्हा ऐकावी लागतात.

जुन्या कागदांकडे वळणाऱ्यांनी मोडी लिपी आधी शिकावी. इथल्या घरांतून खोतीची, जमिनीची दप्तरं अजून आहेत. मोडीत इकार-उकाराचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळलेला नसतो आणि शब्द सलग लिहिलेले असतात, त्यामुळे अक्षरं लागली तरी वाक्य लागायला वेळ जातो. कालगणना त्याहून फसवी. शकात ७८ मिळवले की बहुतेक काम भागतं. अलिबागजवळच्या आक्षीच्या शिलालेखाचा शके ९३४ म्हणजे इ.स. १०१२. सुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली आणखी एक कालगणना) मात्र मृगाला बदलतो: मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून मृगापर्यंत ६००. पानिपतची लढाई सुहूर ११६१ मधली, जानेवारीतली, म्हणून १७६१. इथे ५९९ धरलेत तर अख्खं वर्ष चुकतं.

दप्तर कोणी हाती दिलं तर घरी नेऊ नका. तिथेच फोटो काढा, मालकाचं नाव छापायचं का ते विचारा. ओलसर कागद उन्हात घालू नये, तो कडक होऊन तुटतो. सावलीत वारा लागू द्यावा. तुमच्या स्वतःच्या पुस्तकांनाही हेच. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो इथे. भिंतीला टेकवून ठेवलेली पुस्तकं श्रावणापर्यंत बुरशीने हिरवी होतात, तेव्हा मांडणी भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा.