जलरंगात बहरलेली फांदी : जपानी वळणाचे मोजके चित्र

जपानी चित्रपरंपरेत फुललेली फांदी म्हटली की प्रामुख्याने दोन झाडे येतात : हिवाळा सरता सरता फुलणारे ‘उमे’ म्हणजे जपानी प्लम आणि वसंतातली ‘साकुरा’ म्हणजे चेरी. यांपैकी कोणते झाड रंगवायचे हे आधीच ठरवावे, कारण मोजक्या फटकाऱ्यांच्या चित्रात चुकीचा देठसुद्धा लगेच उघडा पडतो. उमेची पाकळी टोकाला गोल असते आणि फूल जवळजवळ देठाशिवाय थेट फांदीला बिलगलेले असते. साकुराच्या पाकळीला टोकाशी लहानशी खाच असते, आणि लांब देठांची फुले झुबक्याने लोंबतात. नवख्याने उमे निवडावे असे माझे मत आहे, कारण तिथे देठांचा गुंता नाही आणि गोल पाकळी कुंचल्याच्या एका दाबात उतरते. पुढील कृती त्याच फुलाची आहे.

साहित्य थोडेच लागते : ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) किंचित खरबरीत, म्हणजे कोल्ड प्रेस कागद, टोकदार राहणारा ८ क्रमांकाचा एक गोल कुंचला, बारीक रेषांसाठी एक लांब केसांचा पातळ कुंचला आणि चार रंग. फांदीसाठी बर्न्ट सिएना व अल्ट्रामरीन ब्ल्यू, फुलांसाठी परमनंट रोझ आणि परागांसाठी कोणताही गडद पिवळा पुरेसा होतो. गुलाबी छटेसाठी पारंपरिक ॲलिझरीन क्रिमझन मात्र टाळावा. तो प्रकाशात फिका पडतो, आणि इतक्या विरळ थरात ते लवकर जाणवते.

रेखाटनाची सुरुवात फांदीपासून न करता रिकाम्या जागेपासून करावी. कागदाचा निम्म्याहून अधिक भाग कोरा राहील असे धरून तो कोरा भाग कोणत्या आकाराचा असावा हे पाहावे, आणि मग फांदी कागदाच्या एका कडेतून, शक्यतो कोपरा सोडून, आत आणावी. ती बरोबर मध्यावर संपली किंवा समोरच्या कडेला जाऊन टेकली तर कागदाचे दोन सारखे तुकडे पडतात आणि चित्र निर्जीव वाटते. फुलांच्या जागा पेन्सिलीने अगदी पुसट गोलांनी दाखवाव्यात : तीन एकत्र, एक थोडे दूर, टोकाकडे दोन-तीन कळ्या. सम संख्येच्या जोड्या आणि सारखी अंतरे टाळावीत.

फांदीसाठी दोन्ही रंग मिसळून करडा तपकिरी तयार करावा आणि कुंचला बुडवून फडक्यावर थोडा टिपून घ्यावा. बुंध्याच्या बाजूने जोर देऊन सुरुवात करावी, प्रत्येक पेरापाशी क्षणभर थांबून दाबावे, दिशा बदलावी आणि टोकाकडे जाताना दाब कमी करत न्यावा. उमेची फांदी गोलाईने वळत नाही, ती कोनात मोडते. हा मोड मनगटाने नव्हे तर कोपरापासून हात हलवून काढला तरच त्यात बळ येते. फुलांच्या जागी रेषा तोडावी, म्हणजे नंतर फूल फांदीच्या पुढे असल्यासारखे दिसते. निम्मा कोरडा कुंचला खरबरीत कागदावरून वेगाने गेला की मध्ये पांढरे ठिपके सुटतात आणि जुन्या सालीचा भास आपोआप होतो. ते ठिपके पुन्हा रंगवून भरण्याचा मोह आवरावा.

फांदी ओली असतानाच तिच्यात एखादा थेंब निळसर हिरवा रंग सोडून तो पसरू द्यावा. या पद्धतीला जपानीत ‘ताराशिकोमी’ म्हणतात. सतराव्या शतकात तावाराया सोतात्सु या जपानी चित्रकाराने ती कौशल्याने वापरली, आणि जपानमधील अतामी येथील एमओए कला संग्रहालयात असलेल्या चित्रकार ओगाता कोरिनच्या लाल व पांढऱ्या उमेच्या घडीच्या पडद्यांवरील खोडांतही तीच दिसते. थेंब सोडल्यावर कुंचला पुन्हा तिथे लावू नये. यानंतर जुन्या लाकडातून सरळ वर जाणारे एक-दोन कोवळे, हिरवट फुटवे पातळ कुंचल्याने एका दमात काढावेत.

फांदी पूर्ण वाळल्यावर फुले घ्यावीत. कुंचल्याच्या पोटात भरपूर पाणी मिसळलेला गुलाबी आणि फक्त टोकाला दाट गुलाबी घेऊन टोक फुलाच्या मध्याकडे ठेवावे व पोट बाहेरच्या बाजूला हलके दाबून उचलावे. मध्याशी गडद आणि कडेला विरघळलेली पाकळी तयार होते. अशा पाच पाकळ्या काढताना शेजारच्या दोन पाकळ्यांत केसाएवढी फट ठेवावी, नाहीतर त्या एकमेकींत मिसळून डाग होतो. बाह्यरेषा काढू नये. सगळी फुले पाहणाऱ्याकडे तोंड करून बसली की चित्राऐवजी नक्षी होते, म्हणून एक फूल तिरपे, एक पाठमोरे ठेवावे; पाठमोऱ्या फुलाला लालसर तपकिरी निदलांचे, म्हणजे पाकळ्यांच्या तळाशी असणाऱ्या छोट्या पानांचे, ठिपके द्यावेत, कळ्यांच्या तळाशीही तेच.

पुंकेसर हे उमेचे वैशिष्ट्य आहे. पाकळ्या वाळल्यावर मध्यापासून बाहेर फुटणाऱ्या, असमान लांबीच्या बारीक रेषा काढून त्यांच्या टोकांवर दाट पिवळ्याचे ठिपके द्यावेत, पण केवळ समोरून दिसणाऱ्या फुलांनाच.

शेवटी लाल शिक्का उमटवायचा असल्यास तो फांदीच्या वजनाच्या विरुद्ध बाजूला आणि अंगठ्याच्या नखाहून लहान असावा. त्यात स्वतःचे आद्याक्षर घ्यावे. अर्थ ठाऊक नसलेली जपानी अक्षरे केवळ शोभेसाठी उतरवू नयेत.