पहिला घडीचा चाकू: पातं नंतर बघा, सांधा आधी

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायला आलेला जाणता माणूस रंगाकडे शेवटी बघतो. आधी दात, मग खूर, मग चाल. घडीचा चाकू घेताना पोरं नेमकं उलट करतात. पात्यावरची नक्षी बघतात, ‘जर्मन स्टील’ ही अक्षरं वाचतात, अंगठ्यावर धार घासून बघतात आणि पैसे मोजून मोकळे होतात. पंधरा दिवसांत चाकू डगडगायला लागतो. स्वस्त चाकूत पातं क्वचित दगा देतं, दगा देतो तो सांधा, म्हणजे पातं मुठीला जोडलेलं असतं ती जागा. बोथट धार घरी दगडावर लावता येते, सांध्यातली खोट घरी निघत नाही.

काम काय आहे ते आधी मनात पक्कं करा. खताच्या गोणीची शिवण उसवणं, सुतळी कापणं, ठिबकची १६ मिमीची नळी छाटणं, शेतात काकडी-पेरू चिरणं, भरीत पार्टीला कांदा-मिरची कापणं. एवढंच असेल तर ५०० ते १२०० रुपयांच्या बजेटमध्ये चांगला चाकू बसतो. जाड फांदी तोडायला कोयता आहे, त्याचं काम चाकूवर ढकलू नका.

आकार आणि कायदा

पातं ६ ते ८ सेंटिमीटर, जाडी २ मिमीच्या आसपास, वजन १०० ग्रॅमच्या आत. बंद चाकू तळहाताच्या रुंदीएवढा असावा. मोठा चाकू म्हणजे चांगला चाकू हा गैरसमज आहे. ४ मिमी जाड पात्यानं काकडीची चकती पडत नाही, काकडी फाटते. ऑनलाइन बघताना ‘८ इंची चाकू’ हे माप बहुतेक वेळा उघडल्यावरच्या पूर्ण लांबीचं असतं. पात्याची लांबी वेगळी दिली आहे का बघा. दिली नसेल तर पुढच्या चाकूकडे वळा.

शस्त्र कायदा, १९५९ खालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा उल्लेख आहे, घरगुती आणि शेतीकामाची हत्यारं त्यातून वगळून. आपला चाकू त्याच्या जवळपासही जात नाही. म्हणून तो कुठेही खिशात घालून फिरावं असं मात्र नाही. सण, मोर्चे, निवडणुका यांच्या काळात महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ च्या कलम ३७ खाली जिल्ह्यात मनाई आदेश निघतात आणि त्यांत सुऱ्यांचंही नाव असतं. शाळा-कॉलेज, यात्रा, मिरवणूक, रेल्वे स्टेशन इथे चाकू नेऊ नका. विमानात केबिनच्या बॅगेत तो चालतच नाही. बटण दाबून झटक्यात उघडणारा, रामपुरी छापाचा चाकू तर घेऊच नका. त्यानं भाजी चिरताय म्हटलं तरी पोलीस ऐकणार नाहीत, आणि त्याचा सांधाही सहसा रद्दी असतो.

वय कमी असेल, दहा-बारा वर्षं, तर गोल टोकाचं पातं घ्या आणि मोठं माणूस शेजारी असतानाच वापरा.

पोलाद

यावर लोक तासन्‌तास भांडतात. पहिल्या चाकूसाठी एवढंच पुरे: स्टेनलेस घ्या. केळीचा चीक आणि लिंबाचा रस साध्या कार्बन पोलादाला तासाभरात काळं करतात, आणि पुसायची सवय लागेपर्यंत गंजही चढतो. पात्यावर पोलादाची जात ४२० किंवा ३सीआर१३ अशी लिहिली असेल तर पोलाद मऊ आहे, धार लवकर जाते पण लवकर लागतेही. ८सीआर१३ किंवा १२सी२७ असेल तर उत्तम. ‘सर्जिकल स्टील’ला काही अर्थ नाही, ‘दमास्कस’च्या लाटा या किमतीत वरवर कोरलेल्या असतात, आणि ‘जर्मनीना माल शे भाऊ’ हे तर दुकानात पाऊल टाकल्याबरोबर ऐकायला मिळतं. ‘११ कामांचा एक चाकू’ टाळा. अकरा हत्यारं एकाच खिळ्यावर ओवली की एकही घट्ट राहत नाही.

आणखी एक सल्ला गावोगाव मिळतो: कृषी केंद्रातला कलमाचा चाकू घे, स्वस्त आणि मस्त. कलमासाठी तो उत्तमच आहे. पण त्या पात्याला बऱ्याचदा एकाच बाजूनं उतार दिलेला असतो, म्हणजे कलमाचा काप सपाट येतो. त्याच पात्यानं पेरू चिरायला गेलात की पातं एका अंगाला सरकत जातं आणि नवशिक्याचा अंगठा तिथेच असतो.

सांधा

इथे घाई करायची नाही. दुकानदार कंटाळला तरी कंटाळू द्या.

या किमतीत चार प्रकार भेटतात. पहिला नुसत्या खिळ्याचा, ज्यात पातं फक्त घर्षणावर थांबतं. तो नवशिक्यानं घेऊ नये. दुसरा स्प्रिंगचा साधा चाकू. मुठीच्या पाठीला पोलादी पट्टी असते, ती पात्याच्या बुडावर दाबून बसते आणि पातं उघडं किंवा बंद ठेवते. यात लॉक नसतो. तिसरा लॉकवाला: लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पातळ पट्टी सरकून पात्याच्या बुडामागे उभी राहते, बॅक लॉकमध्ये मुठीच्या पाठीवरचा खटका दाबावा लागतो. चौथा रिंग लॉक. मुठीच्या तोंडाशी धातूची कडी असते, ती फिरवली की पातं अडतं. फ्रान्सच्या ओपिनेल चाकूंना ही कडी १९५५ पासून आहे आणि आता तिच्या नकलाही भरपूर मिळतात.

माझं मत स्पष्ट आहे. पहिला चाकू स्प्रिंगचा किंवा रिंग लॉकचा घ्या. ‘लॉक म्हणजे सुरक्षित’ असं सरसकट सांगतात ते अर्धंच खरं. स्वस्त लायनर लॉक कधी सुटेल याचा नेम नसतो, आणि लॉक आहे म्हणून माणूस जास्त जोर लावतो. साध्या स्प्रिंगचा चाकू तुम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतो की जोर धारेच्या दिशेनंच लावायचा, पाठीवर नाही. डावखुऱ्यांनी तर लायनर लॉक टाळावाच. तो उजव्या अंगठ्यासाठी बेतलेला असतो.

आता हातात घेऊन तपासा, याच क्रमानं.

बंद चाकू उजेडाकडे धरून मुठीतल्या खोबणीत, म्हणजे पातं मिटून बसतं त्या फटीत बघा. पातं मधोमध बसलेलं हवं. एका बाजूला टेकलं असेल तर प्रत्येक उघडझापीला धार धातूवर घासणार. टोक मुठीबाहेर डोकावत असेल तर नग परत करा. तेच टोक खिशातला हात फाडतं. मग बंद चाकूचं तोंड खाली करून दोन-तीनदा हलवा. पातं जरासुद्धा उघडलं तर स्प्रिंग मेलेली आहे.

उघडताना नखाच्या खाचेत नख अडकवून सावकाश ओढा. जोर लागला पाहिजे, पण नख तुटेल इतका नाही. चांगल्या स्प्रिंगच्या चाकूत पातं अर्ध्यावर, काटकोनात, क्षणभर थांबतं. हा थांबा असेल तर बंद करताना बोटं वाचतात, म्हणून दोन नगांत तोच निवडा. पूर्ण उघडल्यावर मुठीच्या पाठीवरून बोट फिरवा: स्प्रिंग आणि मूठ एका पातळीत लागली पाहिजेत. बाजूनं उजेड आरपार दिसत असेल तर जुळणी ढिली आहे आणि त्या फटीत काळी माती बसणार.

यापुढची पायरी बहुतेक जण चुकवतात. एका हातानं मूठ धरा, दुसऱ्या हाताच्या चिमटीत पातं पाठीकडून धरा आणि आधी डावी-उजवीकडे हलवा. मग पाठीकडून धारेकडे, म्हणजे उघडझाप होते त्या दिशेनं, हलवून बघा. दोन्हींचा अर्थ वेगळा आहे. डावी-उजवीकडची डगडग म्हणजे खिळा सैल. तिथे स्क्रू असेल तर टी-६ किंवा टी-८ (चांदणीच्या आकाराच्या टोकाच्या) पान्यानं पाव फेऱ्याहून कमी आवळलं की जाते. ठोकलेलं रिव्हेट असेल तर घरी हातोडी मारू नका. एक ठोका जास्त पडला की पातं इतकं घट्ट होतं की उघडतच नाही. लॉकवाल्या चाकूत उघडझापीच्या दिशेनं खेळ असेल तर तो लॉकमधला दोष आहे. त्याला औषध नाही. दुकानदार ‘वापरून बसेल’ म्हणेल. बसत नाही, वाढतो.

लायनर लॉक घ्यायचाच असेल तर पट्टी पात्याच्या बुडाखाली किती सरकते ते बघा. बुडाच्या रुंदीच्या पाव ते निम्म्या भागापर्यंत गेलेली हवी. काठावरच अडकली असेल तर दाबाखाली निसटेल. नवीन असतानाच पलीकडच्या भिंतीला टेकली असेल तर पुढे झीज भरून काढायला जागाच उरलेली नाही. दहा वेळा उघडझाप करून पट्टी दर वेळी त्याच जागी थांबते का बघा. पट्टी १ मिमीहून पातळ असेल तर नको.

लॉकची ताकद बघायला चाकूची पाठ टेबलावर आपटायची, असं व्हिडिओत दाखवतात. अजिबात करू नका. आपटल्यानं चांगला लॉकही बिघडतो आणि वाईट लॉक सुटून पातं थेट बोटांवर येतं. त्याऐवजी मूठ दोन्ही बाजूंच्या गालांवरून धरा, एकही बोट खोबणीसमोर ठेवू नका, पात्याची पाठ लाकडी फळीच्या कडेला टेकवा आणि दाब हळूहळू वाढवा. लॉक असेल तर पातं हलता कामा नये. साध्या स्प्रिंगचा चाकू थोड्या जोरानंतर मिटणारच, तो त्याचा स्वभाव आहे. फक्त तो फुंकरीसरशी मिटू नये.

शेवटी धार. उघडा चाकू धार वर करून बल्बखाली धरा. तीक्ष्ण धार दिसत नाही, बोथट जागा चमकते. धारेच्या मध्यावर एकच चमकता ठिपका दिसला तर मिटताना धार आतल्या स्प्रिंगवर आपटते आहे. असा नग घेऊ नका. हा दोष धार लावून जात नाही, तिथेच पुन्हा बोथटतो.

ऑनलाइन मागवला असेल तर हे सगळं परत करायच्या मुदतीत, काहीही कापायच्या आधी करा. कापलेल्या चाकूवरचा डाग बघून परतावा नाकारतात. यात्रेत किंवा आठवडे बाजारात तर परतीचा प्रश्नच नाही, म्हणून तिथे तपासणी जास्त कडक हवी.

मिटायची सवय

बहुतेक बोटं उघडताना नाही, मिटताना कापतात. मूठ गालांवरून धरा, चारही बोटं खोबणीबाहेर आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यानं पात्याची पाठ ढकला. काटकोनाच्या थांब्यावर थांबा, बोटं पुन्हा बघा, मग मिटा. शेवटच्या टप्प्यात ‘टक्’ करून सोडून देऊ नका, हातानं टेकवा. रिंग लॉक असेल तर आधी कडी फिरवून फट समोर आणा. ती विसरून जोर लावला की हात घसरतो. मनगटाला झटका देऊन उघडणं आठवडाभर भारी दिसतं आणि सांधा कायमचा सैल करतं.

घरी आणल्यावर

स्वस्त चाकूची कारखान्यातली धार कच्ची असते, ती धरूनच चला. सायकलवर चाक फिरवणाऱ्या धारवाल्याकडे देऊ नका. विळ्या-कोयत्याला ते ठीक आहे, पण लहान पातं त्या चाकावर तापतं आणि निळसर झालेली कड मऊ पडते. दुहेरी दगड घ्या, ४०० आणि १००० ग्रिटचा (आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक). पातं २० मिमी रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून साधारण ७ मिमी वर धरा, म्हणजे २० अंशांच्या जवळ कोन मिळतो. एका बाजूला घासत राहा, दुसऱ्या बाजूच्या धारेवर बोटाला बारीक खरखर लागेपर्यंत. मग बाजू बदला. खरखर लागायच्या आधी बाजू बदलणं हेच धार न लागण्याचं मुख्य कारण आहे. वर्तमानपत्राचा कागद न फाटता कापला गेला की थांबा.

सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. सरकीचं किंवा शेंगदाण्याचं तेल घालू नका, महिन्याभरात ते चिकट होऊन खिशातला सगळा कापूस आणि धूळ आत ओढतं. केळीचा चीक लागला तर पाण्यानं घासत बसू नका. आधी खाद्यतेलाच्या फडक्यानं पात्यावरून तो पुसा, मग साबणानं धुऊन कोरडं करा. खोबणीत साचलेला मळ टूथपिकनं काढा. लाकडी मूठ असेल तर पावसाळ्यात ती फुगते आणि पातं अडकतं. अशा वेळी पक्कड लावू नका, चाकू दोन दिवस सावलीत वाळू द्या. स्क्रूचा सांधा पहिल्या महिन्यात एकदा तरी सैल होतोच. पान्यानं किंचित आवळा, पुन्हा सैल झाला तर निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या डिंकाचा) टाचणीच्या टोकाएवढा थेंब स्क्रूच्या आट्यांवर, पात्याकडे ओघळू न देता.