कोकणात धुपाचं झाड वाढवताना या चुका टाळा

ओमानच्या धोफार भागातलं धुपाचं झाड, म्हणजे बॉस्वेलिया सॅक्रा, आपल्याकडचं ऊन आरामात सोसतं. त्याला मारतो तो पाऊस. तिथल्या डोंगरामागच्या कोरड्या पट्ट्यात वर्षभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला तरी पुष्कळ. रत्नागिरीत जुलैच्या एखाद्या दिवसातच तेवढा कोसळतो. म्हणून माडाशेजारी आळं करून हे रोप लावू नका, मुळं कुजतील. ते मातीच्या कुंडीतच ठेवा, आणि कुंडीखाली बशी नको.

शेणखत भरभरून घालणं ही दुसरी चूक. जांभ्याची बारीक खडी, नदीची जाड रेती आणि मूठभर कुजलेला पालापाचोळा एवढं पुरतं. समुद्राची वाळू खारट, ती टाळा. हे झाड मूळचं चुनखडीच्या खडकातलं आणि आपली जांभी माती आम्लधर्मी. त्यावर उपाय घरातच असतो: तिसऱ्यांच्या शिंपा स्वच्छ धुवा, उन्हात कडकडीत वाळवा, जाडसर कुटा आणि मिश्रणात मिसळा.

आगोटीच्या आधी कुंडी पारदर्शक पत्र्याखाली हलवा. पडवीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नको. उजेड आणि वारा दोन्ही हवेत. पावसाळाभर पाणी जवळजवळ बंदच.

पानं पिवळी पडून गळायला लागली की माणूस घाबरून पाणी ओततो आणि नेमकं तिथेच झाड जातं. आधी फांदीची साल नखाने हलकेच खरवडा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे, फक्त विसावलंय. मग बुंधा बोटांनी दाबून पाहा. टणक असेल तर काहीच करू नका. मऊ लागला तर लगेच रोप उपटा, निरोगी भाग लागेपर्यंत कुजकं कापून टाका, कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावा, जखम सुकू द्या आणि मगच कोरड्या मिश्रणात पुन्हा लावा. खोडावरची कागदासारखी सुटणारी साल हा रोग नव्हे, ती ओढून काढू नका.

रोप घेताना नीट चौकशी करा. ‘लोबान’ म्हणून पुष्कळदा सालईचं रोप मिळू शकतं. सालई याच कुळातली, विदर्भ-सातपुड्याच्या कोरड्या जंगलांतली. माझं स्पष्ट मत आहे की पहिल्यांदा सालईच लावावी. उताराच्या, निचऱ्याच्या जागी ती आपला पाऊस बरीच जास्त सोसते, आणि जाड फांदीपासूनही येते. जंगलातून उपटलेलं रोप मात्र कुणी दिलं तरी घेऊ नका.

डिंकासाठी कोवळ्या खोडाला चीर देऊ नका. कुंडीतल्या झाडाला तर कधीच नाही. जखमेतून बुरशी शिरते.

पाऊस ओसरला की ऑक्टोबरच्या कडक उन्हात कुंडी एकदम ठेवू नका. आधी फक्त सकाळचं ऊन द्या. नवे कोंब दिसले की मग पहिलं भरपूर पाणी घाला, आणि पुढचं मिश्रण तळापर्यंत सुकल्यावरच.