मालवणात जेवायचं कुठे? आधी मासा ठरवा, मग खाणावळ

मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात मासे मिळणाऱ्या खाणावळींची वाण नाही. तरीही बरेच पर्यटक बर्फातली सुरमई खाऊन, भरमसाट बिल देऊन परत जातात. फोनवर तारे मोजून खाणावळ निवडली जाते, आणि त्या दिवशी बंदरावर काय उतरलं ते कुणी विचारत नाही. तेच आधी विचारायचं असतं.

१. निघण्याआधी दिनदर्शिका बघा

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. काही वर्षी ही बंदी पुढेही लांबते. या काळात फळ्यावर सुरमई आणि पापलेट लिहिलेलं दिसतं, थाळीही मिळते, पण तो मासा शीतगृहातला असतो. पावसाळ्यात गेलात तर सुरमईचा हट्ट सोडा. खाडीतली मासळी, कुर्ल्या (खेकडे), सुक्या बांगड्याची किसमूर (कोशिंबिरीसारखा प्रकार), सोड्यांचं म्हणजे सुकवलेल्या कोळंबीचं सुकं आणि कोंबडी-वडे हे त्या दिवसांतलं खरं जेवण.

आठवड्याचे वारही बघावे लागतात. सोमवारी, गुरुवारी, संकष्टीला, एकादशीला कित्येक घरांत मासे रांधत नाहीत आणि घरगुती जेवण देणारेही तोच नेम पाळतात. श्रावणात तर विचारूच नका. गणेश चतुर्थीच्या दिवसांत अनेक खाणावळी सरळ बंद असतात, कारण रांधणारे हात घरच्या गणपतीत गुंतलेले असतात. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख ठरावीक तिथीला नसते, देवीच्या कौलाने ठरते. साधारण फेब्रुवारीच्या आसपास जाणार असाल तर ती आधी बघून घ्या. त्या दिवसांत मालवण तालुक्यात राहायला खोली आणि बसायला टेबल, दोन्ही मिळणं कठीण.

२. कुठल्या प्रकारच्या ठिकाणी बसायचं ते ठरवा

बाजारपेठ आणि बंदराजवळच्या खाणावळी दुपारच्या जेवणाला उत्तम. मासळी बाजार जवळ, गिऱ्हाईक भरपूर, त्यामुळे मासा पडून राहत नाही. सिंधुदुर्ग किल्ला बघून होडीतून उतरलात की इथेच बसा. दीड-दोनला मात्र झुंबड उडते. साडेबाराला गेलात तर मासाही निवडून मिळतो, आणि तीननंतर गेलात तर उरलंसुरलं.

तारकर्ली-देवबागच्या घरगुती निवासांत जेवण सर्वांत चांगलं मिळतं, मात्र सांगितल्याशिवाय नाही. तिथे तुमच्यापुरताच मासा आणतात. रात्रीच्या जेवणाचं सकाळी सांगा. माणसं किती, मासा कोणता, तिखट किती, शाकाहारी कोण, हे सगळं त्याच फोनवर उरकून टाका. ऐन वेळी सांगितलंत तर फ्रीजमधलं पुढ्यात येतं आणि त्यात त्यांचा दोष नाही.

किनाऱ्यावरच्या, समुद्र दिसणाऱ्या टेबलांवर चहा आणि भजी घ्यावीत. तिथे तुम्ही पैसे मोजता ते देखाव्याचे. चौथा प्रकार म्हणजे महामार्गावरची 'अस्सल मालवणी' पाटी. तिथे नाश्ता उरकावा आणि पुढे निघावं.

३. बसण्याआधी चार प्रश्न विचारा

आज ताजं काय आहे, हा पहिला प्रश्न. मालवणीत विचारलंत, 'आज ताजे मासे खयचे आसत?', तर उत्तर बहुधा जास्त मोकळं मिळतं. सगळंच ताजं आहे, असं उत्तर आलं तर सावध व्हा. चांगला खाणावळवाला एक-दोन नावं घेतो आणि एखाद्याला नको म्हणतो.

दुसरा प्रश्न, थाळीत तुकडा कोणता आणि केवढा. तिसरा, मासा बघायला मिळेल का. अख्खं पापलेट, कुर्ल्या, शेवंड (लॉब्स्टर) यांचा भाव आकारावर किंवा वजनावर ठरतो आणि भावफलकावर तिथे नुसती रेघ असते. मासा बघून, आकडा ऐकून मगच हो म्हणा. वजन साफ करण्याआधीचं असतं, हेही लक्षात ठेवा. बिलावरून होणाऱ्या बहुतेक भांडणांचं मूळ इथेच असतं.

चौथा प्रश्न, पुन्हा काय वाढणार. बहुतेक ठिकाणी भात आणि आमटी परत मिळते, तळलेला तुकडा एकच. सोलकढी कुठे दुसऱ्यांदा फुकट, कुठे वाटीमागे वेगळे पैसे.

मासा दाखवलाच तर डोळे बघा. ते फुगीर आणि स्वच्छ हवेत, आत गेलेले आणि धुरकट नकोत. कल्ले लाल हवेत. बोटाने दाबलेलं मांस परत वर यायला हवं. कापलेल्या तुकड्यांवर हे कळत नाही, म्हणून मसाला लावून ठेवलेली परात दाखवली तर ती बघितली न बघितली सारखीच.

४. किती मागवायचं

चौघांनी चार सुरमई थाळ्या मागवणं ही नेहमीची चूक. त्यापेक्षा दोन सुरमई थाळ्या, एक बांगडा थाळी आणि एक कोंबडी-वडे घ्या, वर तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं एक प्लेट मध्ये ठेवा. बांगडा सर्वांत स्वस्त, म्हणून लोक टाळतात. पण तिरफळ घातलेली बांगड्याची आमटी चुकवली तर मालवणात जेवलात असं कोणी म्हणणार नाही. काटे सोसत असतील तर सौंदाळे किंवा मुडदुशे मागा. लहान मुलांना सुरमईच बरी, तिला मधला काटा सोडला तर फारसं काही नसतं. मुलांचा तुकडा कमी मसाला लावून तळायला सांगा. आमटीचं तिखट वाटणातच असतं, ते नंतर कमी होत नाही.

कोंबडी-वडे संध्याकाळी घेणार असाल तर वडे दोन हप्त्यांत आणायला सांगा. तांदळाच्या पिठात उडीद, मेथी, धणे वगैरे घातलेला हा वडा गरम असताना फुगलेला आणि खुसखुशीत असतो, गार झाला की चामट होतो. आठ वडे एकदम आले तर शेवटचे चार रश्श्यात भिजवूनच संपवावे लागतात.

५. ताटावर नजर फिरवा

सुरमईचा बोटभर जाड तुकडा मंद आचेवर तव्यात नीट तळायला आठ-दहा मिनिटं लागतात. मागवल्यावर तीन मिनिटांत आला तर तो आधी तळून ठेवलेला आणि पुन्हा गरम केलेला आहे. कडेचा रवा काळपट आणि तेलकट, आतलं मांस कोरडं, ही त्याची खूण. बर्फातून काढलेल्या माशाचं मांस उलट पिळपिळीत लागतं आणि पाकळ्या सुटत नाहीत. ताज्या सुरमईच्या पाकळ्या बोटाने अलगद वेगळ्या होतात आणि मांस पांढरं असतं. गडद तांबूस दिसलं तर तो कुपा (ट्यूना) असू शकतो. कुपाही खायला वाईट नाही, पण सुरमईच्या भावात नको.

सोलकढी नारळाच्या दुधाची आणि आगळाची (कोकमाच्या रसाची) असेल तर रंग फिकट गुलाबी असतो आणि थोड्या वेळाने दूध वर, पाणी खाली असं वेगळं व्हायला लागतं. ते बिघडल्याचं लक्षण नाही, चमच्याने ढवळून प्या. गडद, एकसारखी, न फुटणारी कढी दिसली तर पुडीचा संशय घ्यावा. दुपारी केलेली कढी उकाड्यात रात्रीपर्यंत आंबते, म्हणून रात्री आधी घोटभर चाखून बघा.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्या. बांगडा, सुरमई, कुपा हे मासे पकडल्यावर बर्फाविना राहिले तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते तळून-उकळून नष्ट होत नाही. घास तोंडात घेताच मिरीसारखी चुणचुण झाली तर बाकीचं खाऊ नका. जेवणानंतर काही मिनिटांत किंवा तास-दोन तासांत चेहरा लाल झाला, अंगाला खाज सुटली, डोकं दुखू लागलं तर डॉक्टर गाठा. मसाल्याची चव याला पुरती झाकत नाही, पण लोक तिखट लागलं म्हणून पाणी पितात आणि ताट संपवतात.

६. शाकाहारी सोबत असतील तर

थाळीत वरण-भात आणि बटाटा आला की शाकाहारी माणूस हिरमुसतो. मागितलं तर मालवणी शाकाहारही मिळतो. काळ्या वाटाण्याची उसळ आणि वडे जवळपास वर्षभर, मार्च-एप्रिलच्या सुमारास ओल्या काजूंची उसळ, मेपर्यंत फणसाची भाजी. हे आदल्या दिवशी सांगायचं. तवा आणि तेल वेगळं वापरता का, हे स्पष्ट विचारा, कारण मासे तळलेल्या तव्यावर भाकरी भाजली जाते आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

७. वेळ, पैसे, रिक्षा

सकाळी स्कूबा डायव्हिंग असेल तर दोन तास आधी घावणे आणि चटणी एवढंच खा. होडी लाटांवर डोलायला लागली की भरल्या पोटाचे वडे वर येतात. पाण्यातले खेळ आणि किल्ल्याची होडी साधारण मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत बंद असते. तेव्हा बंदराजवळच्या जेवणाची गर्दी कमी होते, तसा तिथला खपही.

देवबाग म्हणजे कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी. रात्री जेवून मालवणहून परतायला रिक्षा सहज मिळेल असं धरून चालू नका. जाताना आणलेल्या रिक्षावाल्यालाच परतीची वेळ सांगून ठेवा, नाहीतर राहता तिथेच जेवा. किनाऱ्यालगत फोनला रेंज कधी असते, कधी नसते. बिलापुरती रोख जवळ असू द्या, सुटे पैसेही.