काल्पनिक आरमारासाठी सुरुंग पेरणारं वेगवान जहाज रचताय? या चुका टाळा

बडोद्यात रविवारी दांडिया बाजारात नकाशे पसरून बसणाऱ्या आमच्या मंडळींचा लाडका खेळ म्हणजे १९३०च्या दशकातलं काल्पनिक बडोदा आरमार. कल्पना अगदीच हवेतली नाही. बिलिमोऱ्याला गायकवाडांची गलबतं होती आणि १९२६ साली ओखा बंदर सुरू झालं तेही बडोद्याच्याच अमलात. पण समुद्रात सुरुंग पेरणाऱ्या जहाजांचे, त्यांचा वेग आणि सुरुंगांची संख्या लिहिलेले तक्ते पाहिले की डोक्याला हात लावायची पाळी येते.

सगळ्यात आवडती चूक म्हणजे ‘वेग ४० नॉट, सुरुंग ६००’ (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). ब्रिटिशांच्या ॲब्डिएल वर्गातली सुरुंग पेरणारी वेगवान जहाजं सुमारे २,६५० टनांची, इंजिनं ७२,००० अश्वशक्तीची, सुरुंग जेमतेम १५६. चाळिशीला टेकणारा वेगही हलक्या भारावरचा. वेग वाढवला की लागणारी शक्ती साधारण त्याच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून शेवटचे चार-पाच नॉट फार महाग पडतात. तेव्हा वेग ठरवायचा तो रात्रीवरून. रात्र ११ तासांची धरा, पेरणीला एक तास द्या, उरले जायला पाच, यायला पाच. ३५ नॉटला टप्पा १७५ सागरी मैलांचा, २५ नॉटला १२५. उजाडायच्या आत शत्रूच्या विमानांपासून लांब पोचायचं, एवढ्यासाठीच हा सगळा खर्च.

जहाजाची पिछाडी सपाट, चौकोनी काढू नका. ब्रिटिशांच्या ‘ॲडव्हेंचर’ या सुरुंग पेरणाऱ्या जहाजाची तशी होती. मागच्या भोवऱ्यामुळे टाकलेले सुरुंग पुन्हा जहाजाकडेच ओढले जायचे! शेवटी पिछाडी गोल करून घ्यावी लागली.

आता खरी मेख. आमच्याकडे प्रत्येक जण खंभातच्या आखातात सुरुंगांची रांग मारतो, कारण नकाशावर ते तोंड बंद करायला सोपं दिसतं. उधाणाला तिथं भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरपर्यंत जातो. दोराने बांधलेला सुरुंग तळापासून ठरावीक उंचीवर तरंगतो, पाण्याबरोबर वर येत नाही. ओहोटीच्या पातळीखाली तीन मीटरवर ठेवलात तर भरतीला तो तेरा मीटर खोल, आणि विनाशिका आरामात वरून निघून जाणार. भरतीच्या हिशेबाने ठेवलात तर ओहोटीला उघडा पडून सगळ्यांना दिसणार. त्यात प्रवाहाचा जोर. दोर तिरका झाला की सुरुंग आणखी खाली दबतो. खेळात यावर उपाय दोनच. एक, रांग सौराष्ट्राच्या उघड्या किनाऱ्याकडे न्या, तिथं हा फरक बराच कमी आहे. दोन, काळ १९३९च्या पुढे सरकवा आणि उथळ पाण्यात तळावर पडून राहणारे, वरून जाणाऱ्या जहाजाच्या लोखंडामुळे फुटणारे चुंबकीय सुरुंग घ्या. अर्थात तेव्हा शत्रूलाही ते द्यावे लागतील.

याच कारणासाठी बिलिमोऱ्याला तळ नको. शिडाच्या गलबतांना अंबिका नदीचं मुख चालून गेलं. चार मीटरच्या आसपास पाणी लागणारं जहाज तिथं भरतीची वाट बघत बसेल. ओखाच बरं.

सुरुंगांचा बंदिस्त डेक लांबच लांब असतो, मध्ये आडव्या भिंती नसतात. त्यात पाणी शिरलं की ते एका बाजूला धावतं आणि जहाज कलंडतं. नुकसानीच्या नियमात याचे गुण कापाच. सुरुंग उघड्या डेकवर रचलेत तर वजन उंचावर जातं आणि तोफा किंवा पाणतीर (टॉर्पेडो) उतरवावे लागतात.

बहुतेक तक्त्यांत या जहाजाला पेरणीखेरीज काम नसतं, हे मात्र मला पटत नाही. मे १९४२मध्ये ॲब्डिएल वर्गातलीच ‘वेल्शमन’ फ्रेंच विनाशिकेचं सोंग घेऊन वेढ्यातल्या माल्टा बेटाला दारूगोळा देऊन आली. सुरुंग नसले की तो डेक म्हणजे धावतं गोदाम. त्यावर किती टन माल, किती माणसं, हे रकाने पहिल्याच पानावर काढा.