नाटकाची वही : पात्र, कथानक आणि सामाजिक आशय कसा अभ्यासायचा

बी.ए., एम.ए.च्या उत्तरपत्रिकांत नाटकावरचं उत्तर बहुतेक वेळा एकाच साच्याचं असतं. दोन पानं कथासार, मग पात्रांना विशेषणं आणि शेवटी 'या नाटकातून समाजाचं दर्शन घडतं'. नाटक मन लावून वाचणाऱ्यांकडूनही हे होतं, कारण आपण संवादांत अडकतो. पात्रं समाजाविषयी काय बोलतात ते टिपतो, पण कथानक नेमकं कशामुळे वळलं ते पाहत नाही. आशय तिथे असतो.

आधी संहिता नीट मिळवा. ठाण्यात १८९३ साली स्थापन झालेलं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, तिथे जुन्या नाटकांची चौकशी करा. आवृत्ती पूर्ण हवी, संगीत नाटक असेल तर पदांसकट. प्रयोगासाठी छाटलेल्या रंगावृत्तीवर अभ्यास करू नका. कात्री आधी पदांवर, दुय्यम पात्रांवर आणि विनोदी प्रवेशांवर चालते, आणि अभ्यासाला तेच लागतं.

पहिलं वाचन पेन बाजूला ठेवून करा. तीन अंकी नाटक अडीच-तीन तासांत एका बैठकीत होतं. पाच अंकी असेल तर दोन बैठका करा, पण थांबायचं ते अंक संपल्यावरच. जमलं तर मोठ्याने वाचा. कुठलं वाक्य टोमणा आहे आणि कुठलं विनवणी, हे जिभेला आधी कळतं.

दुसऱ्या वाचनाला वही घ्या, एका प्रवेशाला एक पान. नाटकात प्रवेश पाडलेले नसतील, तर पात्र आत येईल किंवा बाहेर जाईल तिथे नवा तुकडा समजा. पानावर चार रकाने: कोण आहे, कुणाला काय हवं आहे, ते का मिळत नाही, आणि शेवटी काय बदललं. चौथा रकाना कोरा राहिला तर 'हा प्रवेश निरुपयोगी' असा निकाल लगेच देऊ नका. बदल बहुधा रंगसूचनेत दडलेला असतो.

'शांतता! कोर्ट चालू आहे' हे १९६७चं नाटक घ्या. सुरुवातीलाच नायिका बेणारेचं बोट दाराच्या कडीत चिमटतं आणि ती कडी नीट सरकवली नाही तर दार बाहेरून अडकतं, हे सहज बोलण्यात येऊन जातं. घाईत वाचणारा हे सोडून देतो. पुढे नाटकमंडळींनी खेळ म्हणून मांडलेल्या खटल्याचा तिच्यावरचा खरा खटला होतो, तिला तिथून निघून जायचं असतं आणि दार अडकलेलं असतं. कथानकाची तयारी म्हणतात ती ही. याच नाटकात बेणारेच्या पोटातल्या मुलाचे वडील प्रा. दामले रंगमंचावर येतच नाहीत. तरी त्यांच्या नावाचं पान करा, कारण दोष दोघांचा मानला तरी पिंजऱ्यात एकटी ती उभी आहे. न आलेलं पात्र इथे सगळ्यात जास्त सांगून जातं.

पात्रांसाठी तिसरं वाचन. प्रत्येकाला तीन रकाने: स्वतःविषयी काय म्हणतो, इतर त्याच्याविषयी काय म्हणतात, प्रत्यक्ष काय करतो. हे तिन्ही जुळत नाहीत तिथे खूण करा. व्यक्तिरेखा त्या फटीत सापडते. 'एकच प्याला'तल्या सिंधूला 'पतिव्रता' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. तिच्या शेजारी तळीरामाची बायको गीता ठेवा. नवरा दोघींचाही दारुडा. एक सोसते, दळण दळते. दुसरी तोंडावर बोलते. लेखकाने दोघींना एकाच नाटकात का आणलं, हा प्रश्न पडला की विशेषणं आपोआप गळतात. दारुड्यांच्या आर्यमदिरामंडळाचे प्रवेशही 'विनोदासाठी' म्हणून वगळू नका. एका माणसाच्या व्यसनाला मंडळींची, शिष्टाचाराची साथ कशी मिळते, ते तिथेच दिसतं.

आता सामाजिक आशय. 'संगीत शारदा' १८९९चं. पंचाहत्तरीच्या भुजंगनाथाशी कोवळ्या शारदेचं लग्न ठरतं, बाप कांचनभट पैशासाठी तयार. हे लग्न मोडतं कशाने? वर म्हातारा आहे म्हणून नव्हे, तर वधूवर सगोत्र निघतात म्हणून! इथे वही खाली ठेवून विचार करावा. मुलीचा आकांत लग्न थांबवायला पुरत नाही, शास्त्राची अडचण पुरते. त्या काळातल्या समाजाबद्दल कुठल्याही भाषणापेक्षा हे एक वळण जास्त बोलतं. म्हणून प्रत्येक नाटकाला हाच प्रश्न विचारा: निर्णायक वळण कुणाच्या बळाने आलं? पैशाच्या, कायद्याच्या, रूढीच्या, की पात्राच्या स्वतःच्या?

एक चूक मात्र वारंवार दिसते. बालविवाह रोखणाऱ्या १९२९च्या 'सारडा कायद्या'ला या नाटकावरून नाव पडलं, असं लिहिलं जातं. ते नाव तो कायदा मांडणाऱ्या हरबिलास सारडा यांचं आहे. काळाचे संदर्भ द्या, पण तपासून.

मग प्रयोग पाहा. ठाण्यात तलावपाळीचं गडकरी रंगायतन किंवा हिरानंदानी मेडोजमधलं घाणेकर नाट्यगृह, नवी मुंबईत वाशीचं विष्णुदास भावे, यांपैकी जवळ पडेल तिथे. एकदाच जाणार असाल तर पुढची तिकिटं घ्या, चेहरे दिसतात. दुसऱ्यांदा बाल्कनीत बसा; कोण कुणापासून किती लांब उभं आहे, मध्यभाग कुणाला मिळतो, हे वरून स्पष्ट दिसतं. अंधारात मोबाईलच्या उजेडात टिपणं काढू नका, नटांना आणि शेजाऱ्यांना त्रास होतो. मध्यंतरात पाच ओळी लिहा. त्यातली एक प्रेक्षक कुठे हसले याची असावी. संहितेत जळजळीत वाटलेल्या वाक्यावर सभागृह हसलं, तर वहीत तारीख घालून नोंद करा.

लिहायला बसताना पहिलं वाक्य असं हवं की कुणी ते खोडू शकेल. 'शारदा हे सामाजिक नाटक आहे' याला कोण नाही म्हणणार? 'शारदेची सुटका तिच्या दुःखाने नव्हे, गोत्राने होते' यावर वाद घालता येतो. मग त्याच्या बाजूने तीन प्रवेश द्या आणि विरोधात जाणारा एक तरी द्या. प्रत्येक दाखल्यापुढे अंक आणि प्रवेश लिहा, पान क्रमांक नको. आवृत्ती बदलली की पानं बदलतात.